पदवीचा विषय नेमका कुठे अडवतो?

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पदवीच्या विषयाबद्दल होती. त्यातल्या तीन पत्रांना इथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : मी बीए इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'इतिहास घेऊन कोण नोकरी देणार' हे घरीदारी रोज ऐकते. माझा विषय चुकला का? अजून बदलता येईल का? (एक वाचक, कराड)

बदलू नका. तिसऱ्या वर्षाला येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यात फक्त वर्षं जातील. त्याऐवजी जाहिरातीतली 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ शब्दन् शब्द वाचायची सवय लावून घ्या, कारण सरकारी भरतीत विषय अडवतो तो त्याच ओळीत. राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, बँकांच्या आयबीपीएस पीओ आणि क्लार्क परीक्षा, इथे बहुतेक पदांना 'कोणत्याही शाखेची पदवी' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे तुमची बीए आणि शेजारच्या मुलाची बीई एकाच रांगेत उभी राहते. यूपीएससीत तर इतिहास वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि मुख्य परीक्षेच्या १७५० लेखी गुणांपैकी ५०० त्या वैकल्पिक विषयाचे असतात.

मात्र परीक्षा एक असली तरी तिच्यातल्या सगळ्या पदांची अट एकच असेल असं नाही. एसएससी सीजीएलमध्ये (केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीच्या परीक्षेत) बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते. त्याच परीक्षेतल्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठी मात्र बारावीला गणितात किमान ६० टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय तरी हवा. सांख्यिकी अन्वेषक, श्रेणी २ या पदाची अट आणखी कडक आहे : संख्याशास्त्र तिन्ही वर्षं, म्हणजे सहाही सत्रं शिकलेलं पाहिजे. फॉर्म भरताना संगणक हे तपासत नाही. मुलं परीक्षा पास होतात, पसंतीक्रमात ही पदं वर टाकतात आणि कागदपत्र पडताळणीत सहा गुणपत्रिका टेबलावर मांडल्या की पाचव्या सत्रात विषय सापडत नाही. इतिहासवाल्यांनी कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पद पसंतीक्रमात घालण्याआधी बारावीची गुणपत्रिका काढून बघावी; संख्याशास्त्र शिकलेलं नसेल तर दुसरं पद घालूच नये.

विषयापेक्षा जास्त नडतात त्या दुसऱ्याच गोष्टी. पहिली तारखेची. अंतिम वर्षाचा निकाल जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत लागलेला हवा. विद्यापीठाचा निकाल दोन आठवडे लांबला की ते वर्ष गेलं. निकाल लागताच तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र काढून ठेवा. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल, तर त्याचे टक्के कसे काढायचे याचं विद्यापीठाचं पत्रही घ्या, कारण फॉर्म टक्केच मागतो. दुसरी गोष्ट टायपिंगची. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतचे महिने त्या क्लासला द्या.

शिक्षक व्हायचं असेल तर मात्र तुमचा विषय थेट कामी येतो. बीएडला सर्वसाधारण गटात पदवीला ५० टक्के लागतात आणि अध्यापन पद्धती (शिकवायचा विषय) पदवीच्या विषयावर ठरते. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर त्याच विषयात एमए आणि वर बीएड. म्हणून शेवटच्या दोन सत्रांत ४९ वर अडकू नका. कुठल्याही परीक्षेच्या क्लासआधी हे बघा.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. बीएस्सीला केमिस्ट्री घ्यावी की मायक्रोबायोलॉजी? नातेवाईक म्हणतात, पदवी कुठलीही चालते, कंपनीत सगळं शिकवतात. (एक पालक, सिन्नर)

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कुठलीही चालत नाही. तिथे विषय दारातच विचारतात. दोन्हींची सारखीच आवड असेल तर आम्ही केमिस्ट्री सांगू, कारण तिला वाव जास्त आहे : औषधं, कीटकनाशकं, रंग, सांडपाणी तपासणी. तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ इथल्या एमआयडीसी मुख्यतः रासायनिक कारखान्यांच्या. मायक्रोबायोलॉजीला इंजेक्शनचे निर्जंतुक प्लांट, डेअरी, खाद्यपदार्थ आणि पाणी तपासणी इथे मागणी असते, पण गोळ्यांच्या कारखान्यात हा विभाग लहान असतो. आणि मायक्रो केलं की पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहज लागू, हे गृहीत धरू नका. तिथे डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्राचा डिप्लोमा) मागतात.

विषय दार उघडतो, पण आत काय विचारतात ते मुलीला आत्ताच सांगा. क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाच्या) मुलाखतीतला ठरलेला प्रश्न : ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचं एक लिटर द्रावण कसं बनवाल? बहुतेक जण '८.५ मिली संहत आम्ल घेऊन एक लिटर करू' असं सांगून थांबतात. इथेच निवड हुकते. बाटलीतल्या आम्लातून धूर निघत राहतो, त्याची तीव्रता कायम राहत नाही, म्हणून बनवलेलं द्रावण नेमकं ०.१ असेल याची खात्री नसते. निर्जल सोडियम कार्बोनेट तोलून, त्याच्याशी टायट्रेशन करून (थेंब थेंब मिसळून मोजून) खरी नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढायची आणि ती बाटलीच्या लेबलवर तारखेसह लिहायची, इथपर्यंत सांगितलं तर उत्तर पूर्ण. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हेही बोलून दाखवावं. दुसरा प्रश्न नोंदवहीचा : आकडा चुकला तर? खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. कॉलेजच्या जर्नलमध्ये रबर वापरायची सवय इथे नडते. पहिल्या वर्षापासून जर्नल पेनाने लिहायला लावा.

प्रश्न : बीए मराठी आहे. गावाजवळच्या दुकानदारांकडे किंवा करसल्लागाराकडे अकाउंट्सचं काम मिळेल का, की बीकॉमच लागतं? (एक वाचक, बार्शी)

मिळेल. लहान ऑफिसात पदवीचा कागद क्वचितच बघतात. समोर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून देतात आणि चार बिलं टाकायला सांगतात. सुरतेहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, बार्शीच्या दुकानात आलेल्या कापडाच्या बिलावर आयजीएसटी लागतो, पुण्याहून आलेल्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी अर्धा अर्धा. हे उलट टाकलं की महिन्याच्या शेवटी जीएसटीआर-२बीशी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी) खरेदी जुळत नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते. तारखा पाठ हव्यात : कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर) पुढच्या महिन्याच्या ७ पर्यंत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), मासिक विवरण असेल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ ला, ३बी (कर भरण्याचं विवरण) २० ला. बँकेचं स्टेटमेंट वहीशी ओळीने जुळवता आलं तर तुमची गरज त्या ऑफिसला लगेच कळेल.

तीन महिन्यांच्या टॅली क्लासपेक्षा एखाद्या करसल्लागाराकडे जुलै ते सप्टेंबर बसणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं, कारण आयकर विवरणांची गर्दी तेव्हाच असते. पुढे सीए करावंसं वाटलं तर बीएवाल्यांनाही फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं, पण पदवीला ६० टक्के हवेत. कॉमर्सवाल्यांना ५५ पुरतात. तुमचे टक्के त्याखाली असतील तर फाउंडेशन परीक्षेची वाट मोकळी आहेच.