मित्राबरोबर घरीच पुस्तकांचं लाकडी कपाट बनवायचंय, दोघंही नवशिके आहोत. लाकूड कुठलं घ्यावं आणि काम कसं करावं?

मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या मित्राने नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असंच कपाट केलं. चार फूट उंच, अडीच फूट रुंद. तो अंबडला लेथवर काम करतो, मी शाळेत शिकवतो. करवत दोघांपैकी कुणीच धड धरलेली नव्हती. तरी कपाट उभं राहिलं. तुमचंही राहील.

सगळ्यात आधी एक सांगतो: दोघांत टेप एकच ठेवा. वेळ वाचेल म्हणून आम्ही दोन टेप घेतले. तो बाजू मापायचा, मी आतल्या फळ्या. जोडायला घेतलं तर प्रत्येक फळी दोन मिमी आखूड. वहीतले आकडे बरोबर, मग चुकलं कुठे? मित्राने दोन्ही टेप एकाच स्टीलच्या पट्टीला लावून बघितले, तेव्हा दिसलं की माझ्या टेपचा हूक आत वाकलाय. हूक थोडा सैल असतो तो मुद्दामच. आतलं माप घेताना त्याची जाडी धरली जावी आणि बाहेरचं घेताना सुटावी, म्हणून तो तसा बसवलेला असतो. पण वाकला की प्रत्येक माप तेवढंच चुकतं, म्हणून संशयही येत नाही.

मग आम्ही आकडे वाचणंच सोडलं. एका सरळ लाकडी पट्टीवर टोकदार पेन्सिलीने फळीची लांबी मारली आणि चारही फळ्या त्याच पट्टीला लावून नव्याने कापल्या. चारही बरोबर बसल्या.

लाकडाचं म्हणाल तर खोका, म्हणजे कपाटाचा मुख्य सांगाडा, १८ मिमीच्या बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा करा, सागवान फक्त दारांना आणि कडांना. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा येतो. चार फुटांत सोळा इंचांचे तीन पट्टे बसतात हा हिशोब कागदावरच खरा, कारण ब्लेड प्रत्येक कापाला साधारण तीन मिमी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एक सूत, खाऊन टाकतं. कपाटाची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, ४०० मिमी धरा, तिन्ही पट्टे निघतील. पुस्तकांचं वजन फार असतं. अडीच फुटांची फळी नुसती ठेवली तर काही महिन्यांत मधे झोळ येतो, म्हणून समोरच्या कडेखाली दीड इंची सागाची पट्टी उभी चिकटवा.

फिरत्या ब्लेडच्या मशीनवर कापताना मशीनच्या पलीकडे उभ्या असलेल्याने फळीला फक्त आधार द्यायचा, ओढायचं नाही. ओढली की फळी तिरकी होते, ब्लेडमध्ये अडकते आणि अलीकडून फळी ढकलणाऱ्याच्या अंगावर उसळते. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. चष्मा आणि मास्क मात्र हवाच, सागाचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो.

आमचा साग एका पाडलेल्या जुन्या वाड्याचा, वखारीतून आणलेला. लाकूड मुरलेलं, रंधा मारला की खालून मधासारखा रंग निघतो. पण आत मोडके खिळे असतात. कापण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा.

फेविकॉल लावून खोका क्लॅम्पमध्ये (आवळायच्या पकडीत) धरला की लगेच दोन्ही कर्ण मापा. १२०० बाय ७५० मिमीच्या खोक्याचा कर्ण १४१५ मिमी भरतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक जास्त आला तर त्याच दोन कोपऱ्यांवर दुसरा क्लॅम्प हळूहळू आवळा. ही वेळ दोन माणसांची, एक आवळतो आणि एक मापतो. एकट्याला हे फार जड जातं. मागचा ६ मिमीचा प्लाय तेव्हाच ठोकून टाका, म्हणजे काटकोन हलत नाही, आणि रात्रभर हात लावू नका.

दारं शेवटी, तयार खोक्याचं माप घेऊन. दाराच्या चौकटीच्या खाचेत सागाची फळी बसवताना तिला गोंद लावू नका आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी जागा सोडा. आम्ही मे महिन्यात एका दाराला गोंद लावला. जुलैत पाऊस लागला, फळी आडवी फुगली आणि चौकटीचा सांधा उघडला. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. ते दार मित्राने पुन्हा सोडवून केलं. दुसऱ्या दाराची फळी खाचेत मोकळी होती, ते अख्खा पावसाळा न अडकता उघडत होतं.