चौकशी खिडकी : विसरलेले इंग्रज गुप्तहेर

प्रश्न : काका, अगाथा ख्रिस्ती वाचून संपली. पुढे कोण? आमचा पुस्तकवाला म्हणतो, त्या काळातले बाकीचे लेखक सुमार होते म्हणूनच विसरले गेले. खरं आहे का? – एक वाचिका, पुणे

पुस्तकवाल्याचं निम्मं बरोबर. सुमार पुस्तकं पोत्यानं निघाली. पण विसरलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधली सामान्य माणसं या कादंबऱ्या विकत घेत नसत, वर्गणी भरून लायब्ररीतून आणत. बूट्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीचीसुद्धा अशी लायब्ररी होती, ती 1966 मध्ये बंद झाली. हातोहात फिरून प्रती फाटल्या की टाकून दिल्या जात. त्यात दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं. ज्याची नवी आवृत्ती निघाली तो टिकला, बाकीचे रद्दीत गेले.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने अलीकडे यातली बरीच पुस्तकं पुन्हा छापली, मुखपृष्ठांवर जुनी रेल्वेची पोस्टरं घेऊन (मी निम्मी पुस्तकं त्या पोस्टरांसाठीच घेतली असावीत). 2014 मध्ये जे. जेफरसन फार्जनचं 'मिस्टरी इन व्हाइट' आलं आणि नाताळात धो धो खपलं. मूळ पुस्तक 1937 चं. नाताळच्या आदल्या दिवशी गाडी बर्फात अडकते, काही प्रवासी उतरून चालायला लागतात आणि एका घरात शिरतात. शेगडी पेटलेली, किटलीत पाणी उकळतंय, चहा मांडलेला, माणूस एकही नाही. सुरुवात अशी की पान सोडवत नाही. पुढे मात्र कथा अतींद्रिय गप्पांकडे झुकते आणि माझा रस थोडा कमी होतो.

तुम्ही ई. सी. आर. लोरॅकपासून सुरुवात करा. या आद्याक्षरांमागे एडिथ कॅरोलाइन रिव्हेट नावाच्या बाई होत्या. त्यांचा इन्स्पेक्टर मॅकडोनल्ड स्कॉटिश, सरळ माणूस, कसलीही नाटकं नाहीत. लंडनचं धुकं हवं असेल तर 'बॅट्स इन द बेल्फ्री' (1937), शेतीवाडी आणि भावकी हवी असेल तर 'फेल मर्डर' (1944). दुसरं आपल्या लोकांना जास्त कळेल. जमिनीवरून धुमसणारं घराणं कुठलंही असो, आतली गणितं सारखीच.

प्रश्न : तुमच्या शिफारशीवरून फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स घेतला. तिसऱ्या प्रकरणात झोप लागली. नुसती टाइमटेबलं! यात तुम्हाला दिसतं तरी काय? – निवृत्त शिक्षक, इंदूर

गुरुजी, तुम्ही एकटे नाही. ज्युलियन सायमन्स या समीक्षकाने क्रॉफ्ट्स आणि त्याच्या जातीच्या लेखकांना 'हमड्रम', म्हणजे रटाळ पंथाचे, असं नाव देऊन ठेवलं, ते आजतागायत चिकटून आहे.

मी पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. माझी नोकरी बडोद्याच्या रेल्वे कंट्रोलमध्ये गेली. सेक्शन कंट्रोलरसमोर एक मोठा चार्ट असे. एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडीची पेन्सिलने ओढलेली तिरकी रेषा. मेलची रेषा उभट, मालगाडीची लोळणारी. मालगाडीला मियागाम करजण स्टेशनात लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून मागची मेल पुढे काढली की मालगाडीची रेषा तेवढा वेळ आडवी होते. आडव्या रेषेला कारण लागतं. दुसऱ्या दिवशी साहेब बोट ठेवून विचारायचा, ही इथे का उभी होती?

क्रॉफ्ट्सचा गुप्तहेर इन्स्पेक्टर फ्रेंच अख्खी कादंबरीभर हेच विचारतो. संशयित म्हणतो, मी अमुक वाजता इथे होतो, तमुक वाजता तिथे. साक्षीदार खरं बोलतात, तिकिटं खरी असतात. तरी माणसाच्या हालचालींची रेषा कुठेतरी कारणाशिवाय आडवी असते. फ्रेंच नम्रपणे, पुन्हा पुन्हा, त्या जागेवर येतो. तो प्रतिभावान नाही. त्याचे अंदाज चुकतात, मग तो हॉटेलात चांगलं जेवतो आणि सकाळी नव्याने लागतो. डोळे मिटून खुनी ओळखणारे गुप्तहेर मला परके वाटतात. फ्रेंचसारखी माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत.

क्रॉफ्ट्सला हे कुठून आलं? तो स्वतः उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या रेल्वेत इंजिनिअर होता. आजारपणात वेळ जावा म्हणून लिहायला लागला आणि 1920 मध्ये 'द कास्क' छापून आलं. ख्रिस्तीचं पहिलं पुस्तकही त्याच सालचं. 'द कास्क'मध्ये लंडनच्या गोदीत पॅरिसहून आलेलं एक पिंप उतरवताना फुटतं. भुशाबरोबर सोन्याची नाणी सांडतात आणि फटीतून बाईचा हात दिसतो. मग ते पिंप कुठून कुठे, कोणाच्या सहीने, कोणत्या बोटीने गेलं, याचाच शोध. ज्याने कधी पार्सल ऑफिसात हरवलेल्या सामानाचा पाठपुरावा केलाय, त्याला हे रटाळ वाटणार नाही. 1929 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखक झाला.

तरी तुमच्यासाठी तोड काढतो. 'द 12.30 फ्रॉम क्रॉयडन' (1934) घ्या. पहिल्याच प्रकरणात विमानात म्हातारा मेलेला आढळतो आणि मग लेखक मागे जाऊन आपल्याला सरळ खुन्याच्या डोक्यात नेऊन बसवतो. धंदा बुडतोय, मंदी आहे, मामाकडे पैसा आहे. कोणी मारलं ते ठाऊक असतं, प्रश्न असतो तो सापडणार कसा. ही तऱ्हा क्रॉफ्ट्सची स्वतःची नव्हे. ऑस्टिन फ्रीमनने 'द सिंगिंग बोन' (1912) मध्ये ती आधीच वापरली होती आणि अँथनी बर्कलीने फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने 'मॅलिस अफोरथॉट' (1931) मध्ये तिला धार लावली. पण खुन्याचा आर्थिक हिशेब क्रॉफ्ट्सइतका नीट कोणी मांडत नाही. याही पुस्तकात झोप लागली तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही.

प्रश्न : बर्कलीचं 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' वाचलं. एकाच खुनाची सहा माणसं सहा उत्तरं देतात आणि दर वेळी आपल्याला पटतं. मग हे कोडं प्रामाणिक कसं म्हणायचं? – एक वाचक, ग्वाल्हेर

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : 1929 ची कादंबरी. विषारी चॉकलेटांचा डबा एका सरदाराला टपालाने येतो, तो दुसऱ्याला देऊन टाकतो आणि त्या दुसऱ्याची बायको मरते. गुन्ह्यांचा छंद असलेल्या मंडळाचे सहा सभासद आळीपाळीने उकल मांडतात. पुढच्याने मागच्याला खोडायचं.

तुम्ही ग्वाल्हेरचे आहात, म्हणून उत्तर आमच्या गावातून देतो. नोव्हेंबर 1874 मध्ये बडोद्याच्या रेसिडेन्सीत तिथले रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी रोजचं पपनसाचं सरबत तोंडाला लावलं, चव विचित्र लागली म्हणून ओतून दिलं. तळाशी गाळ होता. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाल्याचं सांगितलं गेलं. संशय महाराज मल्हारराव गायकवाडांवर. रेसिडेन्सीच्या हवालदाराने माफीच्या बोलीवर कबुली दिली, त्याच्या पट्ट्यात पुडीही सापडली. महाराजांच्या वतीने लंडनहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन उभे राहिले आणि त्या पुडीच्या सापडण्यावरच त्यांनी बोट ठेवलं.

चौकशीला नेमलेले सभासदही सहाच! तीन इंग्रज आणि तीन हिंदी : जयपूरचे महाराज, सर दिनकरराव आणि तुमचे जयाजीराव शिंदे. साक्षीदार तेच, पुडी तीच. तिघा इंग्रजांना महाराज दोषी दिसले, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. सरकारने मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या नावाखाली 1875 च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. पुढच्याच महिन्यात कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला, तेच पुढे सयाजीराव.

बर्कलीला बडोद्याची गोष्ट ठाऊक होती असं मी म्हणत नाही. पण पुरावा स्वतः बोलत नाही, तो बोलवणारा माणूस कोणत्या खुर्चीत बसलाय यावर उत्तर ठरतं, हे त्याने थट्टेत दाखवलं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : कोडं प्रामाणिकच आहे, लबाडी करतात ते सोडवणारे. आणि सहांवर भागलं नसेल तर खुशखबर. सातवं उत्तर क्रिस्टियाना ब्रँडने 1979 मध्ये लिहिलं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या आवृत्तीत त्यासोबत मार्टिन एडवर्ड्सचं आणखी एक आहे.

प्रश्न : यातली एखादी कादंबरी मराठीत आणायची इच्छा आहे. परवानगी कोणाकडे मागायची? – भाषांतरकार, सांगली

आधी लेखक कधी वारला ते बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क चालतात. क्रॉफ्ट्स 1957 मध्ये गेला, म्हणजे 2018 च्या 1 जानेवारीपासून भारतात मोकळा. फार्जन (1955) आणि लोरॅकबाई (1958) हेही मोकळे. बर्कली 1971 मध्ये गेला, त्याला हात लावू नका. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात, ते उचलू नका. आणि ब्रिटनमध्ये मुदत 70 वर्षांची आहे, तेव्हा तिकडे विकायचा विचार असेल तर थांबा.

प्रश्न : नात पंधरा वर्षांची आहे. तिला ही पुस्तकं द्यावीत का? त्यात आपल्या लोकांबद्दल वेडंवाकडं लिहिलेलं असतं म्हणतात. – एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

असतं. हिंदुस्थानातून परतलेला चिडका कर्नल आणि त्याच्या सामानातलं गूढ विष हे तर ठरलेलं. ज्यूंबद्दलही वाईट लिहिलंय, चांगल्या चांगल्या लेखकांनी. रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबुवांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले, त्यात कथेत चिनी माणूस नको असा एक नियम होता. तो स्वस्त कथांमधल्या ठरावीक चिनी खलनायकांना टोला होता, पण आज वाचताना खटकतोच. लपवू नका आजी, शेजारी बसून वाचा.

तिला क्रिस्टियाना ब्रँडचं 'ग्रीन फॉर डेंजर' (1944) द्या. युद्धकाळातलं इस्पितळ, भूल देताना टेबलावरच गेलेला पेशंट. पहिल्या प्रकरणात हाच माणूस पोस्टमन म्हणून सात पत्रं घेऊन चढावर सायकल ढकलत असतो, आणि त्या सात पत्रलेखकांपैकी एक जण पुढे खुनी निघतो. ते प्रकरण झालं की नातीला सातही नावं वहीत लिहायला सांगा. तुमचा संशय कोणावर आहे ते मात्र तिला शेवटपर्यंत कळू देऊ नका.