मुठीच्या आत काय आहे ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: घर चिपळूणला, २०२१ चा पूर पाहिलेला, शिवाय महिन्याकाठी एखादा ट्रेक. अडचणीच्या वेळेसाठी एकच भरवशाचं हत्यार घ्यायचं, तर ऑनलाइन दिसणारी दोन-अडीच हजारांची 'सर्व्हायव्हल' तलवार घ्यावी की मोठा सुरा?

तलवार नकोच. या किमतीतल्या तलवारी बहुतेक भिंतीवर टांगायच्या असतात. पातं ४२० किंवा ४४० जातीच्या स्टेनलेसचं. मुठीच्या आत पात्याची शेपूट (पात्याचा मुठीत शिरणारा भाग) म्हणून मागाहून वेल्ड केलेली, आटे पाडलेली बारीक सळई. लाकडावर चार फटके मारले की ती वेल्डपाशी तुटते आणि अडीच फुटी पातं सुटून कुणाच्याही अंगावर जाऊ शकतं. घरात पणजोबांची असेल तर तीही खाली काढू नका. आपल्याकडच्या जुन्या तलवारीची शेपूट आखूड असते आणि मुठीत लाखेने बसवलेली असते. लाकडावर आपटली की आतली लाख भुगा होते, शेकोटीजवळ राहिली की मऊ पडते. शिवाय तलवारीचा तोल मुठीकडे असतो. लाकूड तोडायला वजन पुढे, टोकाकडे लागतं, आणि ते कोयत्यात आहे.

अडचणीत खरोखर काय कापावं लागतं ते बघा. पुरात: ओली नायलॉनची दोरी, ताडपत्री, सीटबेल्ट, कपडा. डोंगरावर: स्लिंग (चढाईचा पट्टा), बँडेज, वाट अडवणारी घाणेरी किंवा कारवीची झुडपं, फार तर भिजलेल्या ओंडक्याच्या आतलं कोरडं लाकूड. पहिल्या यादीला चार-पाच इंची सुरी पुरते. दुसऱ्यातल्या निम्म्या कामाला कोयता हवा. एकाच पात्यात दोन्ही बसवायला गेलात की आठ-नऊ इंची जाड सुरा पदरी पडतो, ज्याने ना दोरी नीट कापता येते ना फांदी. म्हणून एकच नको, सुरी आणि कोयता अशी दोन घ्या.

सुरी घेताना पातं १०० ते १२५ मिमी, जाडी ३ ते ४ मिमी, आणि शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेली, शक्यतो पात्याइतकीच रुंद. मुठीच्या दोन फळ्यांमधून धातूची कड सलग दिसली पाहिजे. पातं जिथे शेपटीला मिळतं तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर सुरी परत ठेवा. ताण तिथेच साचतो आणि पातं तिथेच मोडतं, कोपरा गोलावलेला हवा. पोकळ मुठीत होकायंत्र, काड्या आणि गळ भरलेले सुरे घेऊ नका. त्यांत पातं एका नटावर धरलेलं असतं. पाठीवरच्या करवतीच्या दात्यांनी लाकूड कापलं जात नाही, उलट लाकूड फोडताना पाठीवर ठोकायला जागा राहत नाही. फोल्डिंग चाकू खिशात बरा, पण ठोकाठोकीला नाही.

पोलाद: किनाऱ्याच्या दमट हवेत आणि पुराच्या पाण्यात स्टेनलेस बरं, १२सी२७ या जातीसारखं. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण एका रात्रीत गंज धरतो. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५८ पुरे. त्याहून कडक पातं गाठीवर अडकलं की कपची उडते. दुकानात चुंबक लावून 'चिकटलं, म्हणजे स्टेनलेस नाही' म्हणणारे भेटतील. चुकीचं आहे, सुऱ्यांना वापरतात ते स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. अजिबात चिकटलं नाही तर मात्र सोडून द्या, त्या पोलादाला पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) कडकपणा आणता येत नाही.

कोयता लोहाराकडूनच करून घ्या, ट्रकच्या कमानपाट्याचा. पाणी फक्त धारेला द्यायला सांगा, पाठ मऊ राहू दे. घेताना कानस फिरवून बघा. धारेवर कानस जोर लावला तरच खाते आणि पाठीवर सहज खाते, तर पाणी बरोबर बसलंय. धारेवर नुसतीच घसरत असेल तर कोयता ठिसूळ आहे. मग टोक ठोकळ्यात अडकवून थोडं वाकवा. सोडल्यावर सरळ झालं पाहिजे. मूठ बाभळीची, तोंडाशी लोखंडी शेंबी, आणि शेपूट आरपार नेऊन मागे वळवलेली. उन्हाळ्यात लाकूड आकसून मूठ हलायला लागते. तेव्हा ती पाण्यात भिजवू नका, दोन दिवस घट्ट वाटते आणि आत शेपूट गंजते. पाचर मारा किंवा एपॉक्सी भरा.

धारेबद्दल एकच कळकळ: ग्राइंडरवाल्याकडे सुरी देऊ नका. कडेला निळी झाक आली म्हणजे तिथलं पोलाद निदान ३०० अंशांच्या आसपास तापलं, पाणी उतरलं, आता ती कड धार धरणार नाही. घरी ४०० आणि १००० नंबरचा दगड पुरतो. पातं ३० मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून १० मिमी उचला, साधारण २० अंश होतात. दोरीसाठी ४०० वरच थांबा. किंचित खरबरीत धार नायलॉनला जास्त चावते.

लाकूड फोडताना ओंडका पात्याच्या लांबीच्या पाऊणपट जाडीपर्यंतच घ्या, गाठ टाळा, आणि पाठीवर दगडाने नाही, लाकडाने ठोका. मांडीवर ठेवून काहीही कापू नका, मांडीची धमनी तुटली तर मिनिटांचा खेळ आहे.

आता कायदा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, जे घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नाही, ते शस्त्र नियमांत शस्त्र ठरतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असताना तलवार घेऊन फिरलात तर थेट गुन्हा. कोयता शेतीचा असला तरी बाजारात कमरेला लावून फिरायची वस्तू नाही. गाडीत न्यायचाच तर गोणपाटात बांधून मागे ठेवा. ट्रेकर मंडळी हमखास विसरतात ते वेगळंच: वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या व्याख्येत चाकूही येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे कोयता नकोच, सुरीचंही वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. स्लिंग आणि बँडेज कापायला बोथट टोकाची प्रथमोपचार कात्री पुरते.

सीटबेल्टसाठी आकड्यासारखा कटर वेगळा घ्या आणि ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नाही. पुराच्या पाण्यातून काढलेली सुरी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवा, माळ्यावर, दोरी आणि टॉर्चच्या शेजारी.