मागे राहिलेल्यांचा गट : वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा आत्महत्येने गेला, त्याला आठ महिने झाले. मैत्रीण म्हणते, अशा घरांतल्या माणसांचा गट असतो, तिथे जा. आणखी दहा जणांचं दुःख ऐकून माझं ओझं कमी कसं होईल?
– एक आई, मुलुंड

पहिल्या बैठकीनंतर ते वाढल्यासारखंच वाटतं. रात्री झोप लागत नाही, दुसरा दिवस जड जातो. म्हणून एका बैठकीवरून ठरवू नका. तीनदा जाऊन बघा, नाही पटलं तर सोडा. पहिल्या दिवशी नाव सांगून बाकी वेळ गप्प बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

बाहेर भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. काही बोलला नव्हता का? घरात काही झालं होतं का? चिठ्ठी होती का? गटात हे कुणी विचारत नाही, कारण तिथल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं. 'त्या दुपारी फोन उचलला असता तर' हे वाक्य तुम्ही घरी तिसऱ्यांदा म्हणालात की कुणीतरी 'आता पुरे' म्हणतं. गटात ते विसाव्यांदाही म्हणता येतं. गेलेल्या माणसाचा राग येतो, हेही तिथे बोलता येतं. वर्षानुवर्षांच्या आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटलं, हेसुद्धा. सल्ला मात्र मिळणार नाही, आणि मिळायला लागला तर तो गट नीट चाललेला नाही असं समजा.

गट म्हणजे उपचार नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, किंवा 'मलाही जायचंय' असं मनात येतंय, तर केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध आणि गट दोन्ही एकाच वेळी चालतं.

आम्ही तिघं अशाच घरांतले. गट सुरू करायचाय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, सोसायटीचा हॉल फुकट मिळतोय. आणखी काय लागेल?
– तीन वाचक, भांडुप

आधी त्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोन वाजता कुणीतरी 'आता सहन होत नाही' असं लिहितो. बाकीचे झोपलेले, आणि जागा असलेल्याला वाटतं दुसरा कुणी बोलेल. सकाळी त्याच ग्रुपवर कुणीतरी आत्महत्येची बातमी फोटोसकट फॉरवर्ड करतो. तारीख आणि पत्ता कळवायला ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते.

हॉल फुकट असला तरी गेटवर वॉचमनच्या वहीत 'कुणाकडे, कशासाठी' लिहावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळतं. वाचनालयाची खोली किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचा वर्ग बघा, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत. दारावर 'शनिवारची बैठक' एवढंच लिहा. रविवार नको, मेगाब्लॉकमध्ये कल्याणकडची माणसं अडकतात. दुसरा शनिवार, दुपारी चार, दर महिन्याला तोच. माणसं आली नाहीत तरी खोली उघडी ठेवायची. तारीख दोनदा पुढे ढकललीत की लोक येणं सोडतात.

माहितीपत्रकात शब्द जपून वापरा. इंग्रजीत अशा घरच्यांना सर्व्हायव्हर म्हणतात. त्याचं 'वाचलेले' असं मराठी केलंत तर स्वतः प्रयत्न करून वाचलेली माणसं येतील. त्यांनाही आधार लागतोच, पण वेगळा. 'मागे राहिलेले' म्हणा, आणि वय १८ च्या पुढे हेही लिहा. मुलांचा गट वेगळ्या पद्धतीने चालवावा लागतो.

येणाऱ्या प्रत्येकाशी आधी वीसेक मिनिटं फोनवर बोला. कोण गेलं, किती दिवस झाले, गटाकडून काय हवंय. मग सरळ विचारा, 'तुमच्या मनात स्वतःचं काही करून घ्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाले, तर आज कुणी सोबत आहे का ते बघा, १४४१६ ला जोडून द्या. धोका समोर दिसत असेल तर ११२, आणि जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. चौकशी किंवा केस चालू आहे का, हेही विचारा. गटात बोललेलं आपण बाहेर नेत नाही, पण वकिलाशी बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं ते गटाला नाही. सासर-माहेरची तक्रार झालेली असेल तर दोन्हीकडची माणसं एका गटात कधीच घेऊ नका.

बैठक दीड तासाची, माणसं सहा ते दहा. दहाच्या वर गेलात तर शेवटच्यांना बोलायला वेळच उरत नाही. चालवणारे दोघं लागतात, कारण कुणी उठून बाहेर गेलं की एकाने मागे जायचं आणि दुसऱ्याने खोली सांभाळायची. ज्याच्या घरचं दुःख दोन वर्षांच्या आतलं आहे त्याने चालवायला बसू नये. दुसऱ्याचं ऐकताना स्वतःचंच उसळून येतं. तुमच्यापैकी कुणी तसं असेल तर त्याने आधी नुसतं येऊन बसावं.

सुरुवातीला नियम वाचून दाखवा, दर वेळी, जुनी माणसं कंटाळली तरी. इथलं इथेच. 'मी' म्हणून बोला, 'तुम्ही असं करा' म्हणून नाही. कसा जीव दिला, कुठे, कशाने, याचे तपशील नकोत. हा शेवटचा नियम लोकांना खुपतो. कारण सांगा. ते चित्र ऐकणाऱ्याच्या डोक्यात घर करतं, आणि शेजारी बसलेल्याला तेच स्टेशन उतरून घरी जायचं असतं. मात्र 'आत्महत्या केली' असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे शब्द सुधारू नका. 'केली' म्हटलं की गुन्हा केल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तुम्ही स्वतः 'आत्महत्येने गेला' म्हणत राहा.

कुणी रडलं की पटकन रुमाल पुढे करू नका, 'आता थांबा' असा त्याचा अर्थ होतो. टिश्यूचा खोका मधोमध ठेवा. एकच माणूस वीस मिनिटं बोलत राहिला तर 'इथे थोडं थांबू, पुन्हा तुमच्याकडे येतो' म्हणा, आणि खरंच परत या. चहा शेवटी. चहाशिवाय माणसं तडक स्टेशनवर जातात, आणि तो अर्धा तास एकट्याने काढायला सगळ्यात अवघड. दुसऱ्या दिवशी नव्याने आलेल्याला एक फोन.

पहिल्या वर्षात गट बंद पडतो तो बहुधा सगळं एकाच्याच अंगावर असल्यामुळे. किल्ली, चहा, फोन हे तिघांत वाटून घ्या.

दहाव्याला बाणगंगेवर दीड तास थांबलो, भावाच्या पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. आता नातेवाईक म्हणतात, 'त्याचं काहीतरी राहिलंय, त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करा.' हे गटात बोललेलं चालेल?
– एक बहीण, गिरगाव

चालेल, आणि तुम्ही पहिल्या नसाल. नव्वदीतली आजी गेली आणि कावळा अडला, तर लोक हसून म्हणतात, 'तिला लोणचं हवं असेल.' तोच कावळा तुमच्या घरी पंचनामा करायला बसतो. एकाच जागी दहा पिंड मांडलेले असतात, कावळ्यांची पोटं भरलेली असतात, माणसांची गर्दी असते. पण हे तुम्हाला घाटावर उभं असतानाही माहीत होतं. बोच वेगळीच आहे. सगळ्यांनी मिळून तुमच्याकडे बघितलं, त्याची.

विधी करावा की नाही यावर गट मत देत नाही. गट चालवणाऱ्याने इथे विवेकवादावर भाषण दिलं तरी माणूस तुटतो, आणि 'करून टाका, बरं वाटेल' म्हटलं तरी. तो एवढंच विचारेल, 'तुम्हाला स्वतःला करायचंय का?' करायचं ठरलं तर तीन दिवसांचा विधी आहे, कर्ज काढू नका, आणि घरातलं जे माणूस दोष देत नाही ते सोबत न्या.

आत्महत्या असेल तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, हे खरं का?
– एक वाचक, लालबाग

नाही. आयुर्विम्याची पॉलिसी सुरू होऊन, किंवा बंद पडलेली पुन्हा चालू करून, १२ महिने उलटले असतील तर साधारणपणे पूर्ण रक्कम मिळते. १२ महिन्यांच्या आत मृत्यू झाला तर साध्या (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीत भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के रक्कम नॉमिनीला मिळते. पॉलिसीतलं कलम वाचा. पोलिसांकडून अकस्मात मृत्यूच्या नोंदीची, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत घ्या, तीन-तीन झेरॉक्स काढा. ठाण्यात एकटे जाऊ नका. गटातलं कुणीतरी सोबत येऊ शकतं, आणि हे काम गटाला चांगलं जमतं.

गेलेला माझा मित्र होता, नातेवाईक नाही. मी येऊ शकतो?
– एक वाचक, कुर्ला

या. ऑफिसात मित्रासाठी सुतकाची रजा कुणी देत नाही, घरचे म्हणतात 'तुझा कोण होता?' फोनवर नातं विचारतील तेव्हा 'मित्र' म्हणा. एवढं पुरतं.