जमैकाला फिरायला जायचं आहे, पण गुन्हेगारीच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. काय काळजी घ्यावी?

बातम्या खोट्या नाहीत. पण बहुतेक हाणामाऱ्या किंग्स्टन, स्पॅनिश टाउन आणि माँटेगो बेच्या ठरावीक वस्त्यांत, टोळ्यांच्या आपसातल्या वैरातून होतात. तिकडे फिरकू नका. नेग्रिल, ओचो रिओस या पर्यटकांच्या गावांत जास्त पिडतात ते मागे लागणारे विक्रेते. हसून 'नको' म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून भाव विचारलात की सुटका नाही.

डोळ्यात तेल घालून बघायची ती टॅक्सी. परवान्याच्या टॅक्सीची नंबरप्लेट लाल असते. पांढऱ्या प्लेटवाला कितीही गोड बोलला तरी बसू नका. भाडं आधीच ठरवा आणि आकडा अमेरिकन डॉलरचा की जमैकन, हेही विचारून घ्या, नाहीतर उतरताना वाद ठरलेलाच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असल्याने स्वतः गाडी चालवायचा मोह होतो. रात्री डोंगरातल्या वळणांवर तो आवरा.

गांजा सर्रास विकायला येतो. 2015 पासून थोडासा जवळ असणं तिथे किरकोळ गुन्हा मानतात, पण विमानतळावर सापडलात तर गाठ पोलिसांशी. लष्करी छापाचे कपडेही घरीच ठेवा, सामान्य माणसाला ते घालायला तिथे बंदी आहे.

वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा चक्रीवादळाने पश्चिम भाग अक्षरशः झोडपला, तेव्हा त्या बाजूचं हॉटेल सुरू आहे ना, हे फोन करून विचारा. पोलिसांसाठी 119, रुग्णवाहिकेसाठी 110.