पत्ता बदलला, घर तेच

प्रश्न : मुलगी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात राहते. दिवाळीचा फराळ पाठवताना ती हल्ली 'फेर्व्हाक'ऐवजी 'लिव्हारो-पेई-दोज' लिहायला सांगते. घर तर बदललेलं नाही. मग गाव कुठे गेलं?

उत्तर : गाव जागेवरच आहे, त्याचा स्वतंत्र कारभार गेला. 1 जानेवारी 2016 रोजी काल्वादोस जिल्ह्यातल्या 22 गावांचं मिळून हे एक कम्यून (फ्रान्समधली स्थानिक कारभाराची पंचायत) झालं. त्या तारखेपर्यंत एकत्र येणाऱ्यांच्या सरकारी अनुदानाला तीन वर्षं कात्री लागणार नव्हती, म्हणून अनेक ठिकाणी घाई झाली. सगळ्या गावांनी सारखाच ठराव केला तर प्रीफेक्ट (जिल्ह्यातला केंद्र सरकारचा प्रमुख अधिकारी) एकत्रीकरणाचा आदेश काढू शकतो. एकमत नसेल तर मतदान घ्यावं लागतं, आणि तेव्हा बेत मोडायला एका गावाचा नकारही पुरतो.

आपल्या गट ग्रामपंचायतीसारखंच हे, पण एक फरक आहे. जुन्या गावाला स्वतःचा दुय्यम महापौर आणि छोटं कार्यालय ठेवता येतं. लग्नाची नोंद तिथेच होते.

खरी डोकेदुखी रस्त्यांच्या नावांची. जवळपास प्रत्येक गावात 'चर्च रस्ता' असतोच. एकाच कम्यूनमध्ये तीच नावं आली की पार्सल सोडा, रुग्णवाहिकासुद्धा भलत्या गावात जाते. म्हणून आधी नावं बदलायची, मगच घरांना नंबर द्यायचे. उलट केलं तर पाट्यांचा खर्च दुप्पट. खेड्यात नंबर बहुधा मीटरवर देतात: रस्त्याच्या सुरुवातीपासून 347 मीटरवर डावीकडे घर असेल तर ते 347, उजवीकडे असेल तर सम आकडा. मध्ये नवं घर बांधलं तरी नंबर अडत नाही. मुलीच्या घराला अचानक तीन आकडी नंबर मिळाला तर दचकू नका.

पाकिटावर आधी नाव, मग नंबर आणि रस्ता, त्याखाली फेर्व्हाक, त्याखाली 14140 लिव्हारो-पेई-दोज आणि शेवटी फ्रान्स. सगळं रोमन लिपीत. जुन्या गावाची ओळ गाळू नका, पोस्टमनला तिची मदत होते.

प्रश्न : गावं एक झाली म्हणजे घरपट्टीही लगेच सारखी होते का?

उत्तर : होतेच असं नाही. दर हळूहळू जुळवण्यासाठी जास्तीत जास्त 12 वर्षं घेता येतात. कमी पट्टी असलेल्या गावाची दरवर्षी थोडी वाढते, जास्त असलेल्याची उतरते. त्यामुळे ठरावाला हात वर करण्याआधी आपल्या गावाचा दर आणि शेजाऱ्यांचा दर शेजारी शेजारी मांडून पाहावा.