थंडी संपताना घरामागे पक्ष्यांचे फोटो काढायचेत, २०० एमएमची लेन्स पुरेल का?

पुरते हो, फक्त झाड नीट निवडा. फेब्रुवारी-मार्चात काटेसावर, पांगारा, पळस फुलतात तेव्हा फांद्यांवर पानंच नसतात, त्यामुळे पक्षी मोकळा दिसतो, आणि मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर (सनबर्ड) सगळे तिथेच येतात, तुम्ही त्यांच्या मागे पळायचं नाही, चहाचा कप घेऊन गप्प बसायचं. जांभळ्या शिंजीराचा नर तर याच दिवसांत बघावा, हिवाळ्यात पिवळट पोटावर नुसती एक काळी रेघ असते आणि मग हळूहळू पूर्ण जांभळा-काळा चमकायला लागतो. दर आठवड्याला एक फोटो काढलात तर हा बदल मस्त पकडता येतो.

शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर. मागे उजळ आभाळ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा नाहीतर पक्ष्याचा काळा ठिपकाच येतो (माझे पहिले पन्नासेक फोटो तसेच गेले). सकाळी नऊच्या आत उरका, नंतर ऊन फार कडक होतं. पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा, रोज पाणी बदला. आणि घरटं दिसलं तर प्लीज लांबच राहा, फांद्या वाकवून फोटो काढू नका.